दिनविशेष : २९ ऑगस्ट

२०२४ : पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंग प्रकारात भारत प्रथमच उतरला. भंडारा जिल्ह्यातील ज्योती गडेरिया यांनी सँ-कँतँ-आँ-इव्हलिन येथील व्हेलोड्रोमवर (सायकल शर्यतींच्या बंदिस्त धावपट्टीवर) महिलांच्या, अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार ठरवलेल्या सी १-३ गटात ३,००० मीटर वैयक्तिक परस्यूट शर्यत पूर्ण केली. २५० मीटरच्या धावपट्टीवर १२ फेऱ्या, क्रमांक दहावा. सुवर्ण चीनच्या वांग शाओमेई यांना मिळाले. भारतीय पथकात आंध्र प्रदेशचे अर्शद शेख हे दुसरे सायकलपटू होते.

पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंग १९८४ पासून आहे. भारताला तिथे पोहोचायला चाळीस वर्षे लागली, आणि तिथे पहिले पाऊल ठेवले ते अपघातात पाय गमावलेल्या, मराठी मुलुखातील एका महिलेने. म्हणून हा दहावा क्रमांक अनेक पदकांपेक्षा मोलाचा ठरतो. योगायोगाने तो दिवस राष्ट्रीय क्रीडा दिनही होता.

मात्र अशी मजल मारायला सराव लागतो, आणि एका पायावर भिस्त ठेवून सराव करणाऱ्यासाठी भरधाव वाहनांचा रस्ता धोक्याचा असतो. त्याला बंदिस्त धावपट्टी लागते. कोल्हापूरजवळच्या, महामार्गालगतच्या उचगावातील अशा मुलाला राज्यातील परिचित व्हेलोड्रोम गाठायचा, तर त्याच महामार्गाने पुण्याच्या बालेवाडीपर्यंत जावे लागते.