तारुण्याचे व्यापारी आणि सूक्ष्म जंतु

रेवदंड्याच्या कोटाची तटबंदी पावसाळ्यांत हिरवी होते आणि दिवाळीनंतर हळूहळू काळी पडते. पोर्तुगीजांनीं बांधलेला, १५७०-७१ सालीं मुर्तजा निजामशहाच्या वेढ्यास पुरून उरलेला व १७४० सालीं मराठ्यांच्या हातीं आलेला हा कोट. त्याच्या दगडांवर शेवाळ, दगडफूल आणि डोळ्यांस न दिसणारे असंख्य जंतु वस्ती करून आहेत. त्या काळवंडलेपणास कोणी नांवें ठेवीत नाहीं. उलट त्यामुळेंच तटास शोभा आली असें मानतात. मनुष्याच्या कातडीस मात्र ही सवलत नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांसह तेथें गेलों असतां, जिचें वय बावीसही नसेल अशी एक मुलगी तटाच्या सावलींत बसून तोंडास मलम लावीत होती. डबीवर ‘वार्धक्यरोधक’ अशा अर्थाचें इंग्रजी लेबल होतें. मी हंसलों, आणि मग हंसल्याबद्दल ओशाळलों.

तारुण्याची हांव कांहीं आजची नव्हे. च्यवन ऋषींस अश्विनीकुमारांनीं पुन्हा तरुण केलें, ही कथा आपल्या घरोघर ठाऊक आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनप्रकरणानें होतो. परंतु तेथें सत्य बोलणें, क्रोध न करणें यांचीही गणना रसायनांतच केलेली आहे. हें रसायन डबींत भरून विकतां येत नाहीं, म्हणूनच कीं काय, तें मागें पडलें.

म्हातारपणाचा दोष जंतूंच्या माथीं मारण्याचा नामांकित प्रयत्न रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनीं केला. रक्तांतील पेशी जंतूंस गिळतात या शोधाबद्दल त्यांस १९०८ सालीं एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. मोठ्या आंतड्यांतील कुजविणारे जंतु शरीरास विषारी करतात, त्यांस आंबट दुधांतील जंतूंनीं आवर घालावा, असें त्यांचें मत होतें. पाहतां पाहतां युरोपांत आंबट दुधाचीं औषधें विकूं लागलीं. आपल्याकडे जें ताक शेजारणीस फुकट देत, त्यास तिकडे दीर्घायुष्याची किंमत आली! स्वतः मेचनिकॉफ १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं वारले. ओडेसा येथें त्यांच्या हाताखालीं शिकलेले हाफकिन मात्र १८९६ सालीं मुंबईस आले, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. गुरूंनीं जंतूंपासून तारुण्य मागितलें, शिष्यानें केवळ जीव वाचवूं पाहिले. परळची त्यांची प्रयोगशाळा आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

पुढची गोष्ट अधिक विचित्र आहे. १८९५ सालीं बेल्जमच्या एका खेड्यांत अंत्यविधीस आलेल्या वाजंत्र्यांनीं मांस खाल्लें व त्यांतील तिघे दगावले. व्हान एरमेंगेम यांनीं त्या मांसांतून जो जंतु शोधून काढला, त्याच्या विषानें स्नायु लुळे पडतात. तेंच विष अत्यल्प प्रमाणांत टोंचून कपाळावरच्या आंठ्या घालविण्यास अमेरिकेच्या सरकारनें २००२ सालीं परवानगी दिली. बाजार एका हातानें जंतु धुण्याचीं साबणें विकतो, दुसऱ्या हातानें जंतूचें विष.

या ढोंगावर बोट ठेवण्याचें काम अलीकडे कांहीं कलावंतांनीं घेतलें आहे. जंतूंची कला तशी जुनीच. पेनिसिलीनचे शोधक फ्लेमिंग रंगीत जंतु वाढवून त्यांचीं चित्रें करीत. परंतु २०१३ सालीं क्रिस्टिना अगापाकिस व सिसेल तोलास यांनीं डब्लिन येथें प्रदर्शनांत मांडलेलें चीज चित्राहून बोचणारें होतें. माणसांच्या काखेंतून, पायांवरून, नाकांतून जंतु घेऊन तें बनविलेलें होतें. खाण्यासाठीं अर्थातच नव्हे. कित्येक प्रेक्षकांस किळस आली असेल. परंतु तोच वास दुकानांतल्या महागड्या चीजला येतो, तेव्हां आपण त्याची वाखाणणी करतों. मग किळस कशाची? कातडीवरची ही वस्ती निरोगी माणसाचीच असते, आणि तिला घाण ठरविल्याखेरीज पुष्कळसा माल खपत नाहीं. सुरकुतीचीही गत तीच: आधीं तिला रोग म्हणावयाचें, मग औषध पुढें करावयाचें. माझ्या आईच्या कपाळावरच्या रेषा आम्हां भावंडांस कधीं रोग वाटल्या नाहींत.

निघतांना त्या मुलीनें डबी पिशवींत टाकली, तटावरच्या काळ्या शेवाळास हात लावून पाहिला, आणि विचारलें, “सर, हें किती वर्षांचें असेल हो?”