सायकलचे वजन किती महत्त्वाचे?

सायकल हलकी असली की दम लागत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा हा वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानशेतीचा व बराचसा सपाट तालुका. समजा, तेथील ४५ किलो वजनाची विद्यार्थिनी पाच किलोच्या दप्तरासह २० किलोची साधी सायकल चालविते. एकूण भार ७० किलो. सायकल १४ किलोची घेतली, तरी हा भार जेमतेम नऊ टक्के घटतो. चढावर ही घट जवळजवळ पूर्णपणे पदरात पडते. सपाटीवर मात्र वाऱ्याचा अडथळा वजनाला जुमानत नाही. टायर आणि रस्ता यांमधील घर्षण तेवढे त्या प्रमाणात कमी होते. टायरमध्ये हवा कमी असेल, तर ही बचत सहज गिळली जाते. जागतिक सायकल महासंघाने २००० पासून शर्यतीच्या सायकलीला किमान ६.८ किलोचे बंधन घातले आहे. ती चढाओढ घाटांतल्या शर्यतींची. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळते. तेवढ्या रकमेत हलकी सायकल येणे कठीणच. हवेचा पंप मात्र येतो. वजन खरे जाणवते ते पंक्चर झालेली सायकल चिखलातून ढकलताना, किंवा पावसाळ्यात नाल्यापलीकडे उचलून नेताना.