श्रद्धाहीनांची भिंत : फेरूनच्या देवांचा इतिहास

फेरून या काल्पनिक खंडात मेलेल्या माणसाच्या बाबतीत एकच गोष्ट निर्णायक ठरते : त्याचा देव कोणता? ज्याने हयातीत कुठल्याच देवाला आपले मानले नाही, त्याचा आत्मा मृतांच्या नगरीभोवतीच्या भिंतीत चिणला जातो आणि हळूहळू विरघळून नाहीसा होतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोलप्लेइंग गेमच्या 'फरगॉटन रेल्म्स' नावाच्या विश्वात हे खंड आहे. चार-पाच खेळाडू टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेतात, डंजन मास्टर त्यांना जगाचे वर्णन सांगतो आणि ऐन संकटात फासे निकाल देतात. त्या जगाला इतका कठोर परलोक कसा मिळाला, याचे उत्तर तिथल्या दंतकथांत थोडे सापडते, नियमपुस्तकांच्या बदलत्या आवृत्त्यांत जास्त.

या गेममध्ये पुजारी आधी आला, देव नंतर आले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ह आर्नेसन 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ चालवत असे. त्यात सर फँग नावाचे एक व्हॅम्पायर पात्र कोणालाच आवरेना. त्याला तोंड देण्यासाठी मृतात्म्यांना पळवून लावणारा एक धर्मगुरू घडवला गेला, आणि त्यातून क्लेरिक हा पात्रांचा वर्ग जन्मला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांची पहिली नियमपुस्तके निघाली, तेव्हा योद्धा आणि जादूगार यांच्या जोडीला क्लेरिक होता. तो धारदार शस्त्र वापरत नसे, जखमा बऱ्या करत असे आणि प्रार्थना करून मंत्र मिळवत असे. ही प्रार्थना कोणाला पोचते, याबद्दल ती पुस्तके गप्प होती. क्लेरिकने सुव्यवस्थेची बाजू घ्यायची की अनागोंदीची, एवढेच त्यांत ठरत असे.

ही जागा भरण्यासाठी १९७६ साली रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' लिहिले. १९८०मध्ये याच दोघांच्या नावावर 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' आले. ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन, केल्टिक, फिनिश अशी दैवते त्यांत ओळीने मांडली होती. इंद्र, अग्नी, वरुण आणि विष्णूही होते. प्रत्येक देवाला हिट पॉइंट दिलेले होते, म्हणजे किती मार सोसून तो कोसळेल याचा आकडा; १९८०च्या पुस्तकात सर्वोच्च देवांचा हा आकडा ४०० होता. आकडा छापला की तो शून्यावर आणता येतो, आणि अनेक टेबलांवर खेळाडूंनी नेमके तेच केले. विष्णूची मोजदाद ४०० अंकांत करणारे पान भारतीय वाचकाला खुपेल. लेखकांचा हेतू मात्र अवमानाचा नव्हता. जे मोजता येत नाही ते खेळात आणता येत नाही, ही त्या खेळाची मूळ अडचण होती.

देवाची शक्ती भक्तांच्या संख्येवर अवलंबून असते ही कल्पना खेळाबाहेरून आली. फ्रिट्झ लायबरच्या कथांमधल्या लँखमार शहरात देवांचा एक रस्ता आहे. ज्याचे भक्त वाढतात, त्याचे देऊळ रस्त्याच्या मानाच्या टोकाकडे सरकते. ज्याचे ओसरतात, तो दुसऱ्या टोकाकडे ढकलला जातो. 'लीन टाइम्स इन लँखमार' ही १९५९ची कथा याच रस्त्यावर घडते. गायगॅक्स आणि त्याचे सहकारी लायबरचे वाचक होते. लायबरच्या जगाला १९८०च्या देवपुस्तकात स्वतंत्र प्रकरण मिळाले.

दरम्यान १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्सने मंत्रांचा उगम नेमका सांगितला. खालच्या पायऱ्यांचे मंत्र क्लेरिकला स्वतःच्या श्रद्धेतून आणि शिक्षणातून मिळतात, मधल्या पायऱ्यांचे देवाच्या सेवकांकडून, आणि सर्वांत वरचे थेट देवाकडून. त्यामुळे पुजाऱ्याच्या वागण्यावर डंजन मास्टरचा वचक बसला. देवाची मर्जी गेली की मंत्रही गेले. पूजेला इथे पहिल्यांदा हिशेबाचे रूप आले.

फरगॉटन रेल्म्स हे कॅनडातल्या एड ग्रीनवुडचे. लहानपणी, हा गेम निघण्याच्या कितीतरी आधी, त्याने या जगाच्या गोष्टी लिहायला घेतल्या होत्या. ऑक्टोबर १९८१मध्ये 'ड्रॅगन' मासिकाच्या ५४व्या अंकात त्याने आपल्या देवमंडळाची ओळख करून दिली. काही देव त्याने स्वतः घडवले, तर काही देवपुस्तकातून उचलले : नॉर्स टीर, केल्टिक ओग्मा, फिनिश मिएलिक्की आणि लोविआतार. त्याच्या कल्पनेतला धर्म सैल आणि घरगुती होता. शेतकरी पेरणीच्या वेळी चाँटियाला आळवतो, जुगारी फासे टाकताना टायमोराचे नाव घेतो, आणि खलाशी अंबर्लीला दान देतो, ते प्रेमापोटी नव्हे तर तिने बोट बुडवू नये म्हणून. एकाच माणसाच्या आयुष्यात असे दहा देव असत आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नसे. १९८७मध्ये गेमची प्रकाशक असलेल्या टीएसआर कंपनीने हे जग पेटीतून बाजारात आणले, तेव्हा त्यातला हा भाग सर्वांत जिवंत होता.

दोनच वर्षांनी तो बदलला. १९८९मध्ये गेमची दुसरी आवृत्ती आली आणि नियम पालटले. मारेकऱ्यांचा स्वतंत्र वर्गच काढून टाकला गेला. रोलप्लेइंग गेम मुलांना सैतानपूजेकडे नेतात, अशी ओरड तेव्हा अमेरिकेत चालू होती, आणि कंपनीने या आवृत्तीतून बरेच काही गाळले. जुन्या नियमांवर चालणारे फेरून नव्या नियमांत न्यायचे तर त्या जगात काहीतरी उलथापालथ दाखवणे भाग होते. 'शॅडोडेल', 'टँट्रास' आणि 'वॉटरडीप' या तीन कादंबऱ्यांनी ते काम केले. फेरूनच्या कालगणनेत हे वर्ष १३५८.

कथा अशी : बेन आणि मर्कुल हे देव नियतीच्या पाट्या चोरतात. देवांच्याही वर असलेला एओ संतापतो आणि सगळ्या देवांना स्वर्गातून हाकलून मर्त्य देहांत ढकलतो. या देहांना पुस्तकांत 'अवतार' म्हटले आहे. शब्द आपला, पण अर्थ उलटा झाला. आपल्याकडे देव स्वेच्छेने, कोणाला तरी तारण्यासाठी अवतरतो. इथे अवतार ही शिक्षा आहे. देव जवळ नसेल तर पुजाऱ्यांना मंत्र मिळेनासे होतात, जादू बेभरवशाची होते. जादूची देवता मिस्त्रा स्वर्गात परतायला निघते आणि पहारा देणाऱ्या हेल्म या देवाच्या हातून मारली जाते. बेन आणि टॉर्म हे देव एकमेकांना संपवतात. बेनला बळ मिळावे म्हणून फेरूनमधल्या सगळ्या मारेकऱ्यांचे प्राण घेतले जातात. नियमपुस्तकातला एक वर्ग असा कथेत मरतो. मारेकऱ्यांचा देव भाल सिरिक नावाच्या माणसाकडून मारला जातो. शेवटी मिडनाइट ही जादूगारीण नवी मिस्त्रा होते आणि सिरिक मेलेल्या देवांच्या गादीवर बसतो.

यानंतर एओचा निर्णय येतो : यापुढे देवाचे सामर्थ्य त्याच्या भक्तांच्या संख्येवर आणि निष्ठेवर ठरेल. लायबरने एका रस्त्यापुरती मांडलेली गोष्ट विश्वाचा कायदा झाली. देवांनी भक्तांकडे लक्ष द्यावे, हा त्यामागचा हेतू. पण या कायद्याची दुसरी बाजू भक्तांवर पडली. देव भक्तीवर जगतात, तर भक्ती न करणारा माणूस त्यांच्या लेखी बुडवेगिरी करतो. मृतांचा तेव्हाचा देव मर्कुल याने उभारलेल्या भिंतीचे समर्थन इथे होते. १९९३च्या 'प्रिन्स ऑफ लाइज' या कादंबरीत तिचे वर्णन विस्ताराने येते.

या परलोकाची रचना २००१च्या तिसऱ्या आवृत्तीतल्या पुस्तकाने पक्की केली. मेलेला आत्मा फ्यूग प्लेन नावाच्या उजाड मैदानावर पोचतो आणि आपल्या देवाचा दूत न्यायला येईपर्यंत वाट पाहतो. नरकातले सैतान तिथे येऊन वाट पाहणाऱ्यांशी सौदे करतात. ज्यांनी आपल्या देवाशी दगा केला, ते खोटे ठरतात आणि त्यांना नगरीत शिक्षा भोगावी लागते. ज्यांना देवच नव्हता, ते भिंतीत जातात. याला जोडून खेळाचा एक नियमही होता : आराध्यदैवत न निवडलेले पात्र मेले, तर साध्या पुनरुज्जीवनाच्या मंत्राने परत येत नाही. खेळाडूसाठी पात्र कायमचे जाणे ही खरी हानी, त्यामुळे बहुतेकांनी पात्राच्या कागदावर एका देवाचे नाव निमूट लिहिले. ग्रीनवुडच्या खलाशाने दहा देवांना दान दिले तरी मेल्यावर त्याचा एकच धनी विचारला जाणार होता. दैनंदिन धर्म अनेक देवांचा आणि परलोक एकाच देवाचा, हा सांधा कधीच नीट जुळला नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या हातांनी, वेगळ्या गरजांसाठी घडवल्या होत्या.

भिंतीवरचा आक्षेप खुद्द कथेतही उमटला. सिरिकनंतर केलेमव्होर मृतांचा देव होतो. मुळात माणूस असलेला हा देव आत्म्यांना श्रद्धेऐवजी वर्तनावरून जोखू लागतो. ट्रॉय डेनिंगच्या 'क्रुसिबल' (१९९८) या कादंबरीत त्याचे परिणाम येतात : चांगल्या माणसांना मृत्यूची भीती उरत नाही, ते बेपर्वाईने मरू लागतात, इतर देवांची भक्ती आटते आणि केलेमव्होरला माघार घ्यावी लागते. लेखकाने प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, पण उत्तर व्यवस्थेच्या बाजूने दिले. दयाळू न्याय जगाचा तोल बिघडवतो हे पटण्याजोगे नाही. बिघडतो तो देवांचा हिशेब.

याहून धारदार उत्तर २००७ साली एका कॉम्प्युटर गेमने दिले. ऑब्सिडियन कंपनीच्या 'मास्क ऑफ द बिट्रेयर'मध्ये मर्कुलचा पुजारी अकाची याची प्रेयसी भिंतीत चिणली जाते. तिला सोडवण्यासाठी तो आपल्याच देवाविरुद्ध सैन्य उभारून मृतांच्या नगरीवर चालून जातो, हरतो, आणि शिक्षा म्हणून आत्मे खाणारी भूक होऊन उरतो. ती भूक खेळाडूच्या पात्रात शिरते. शेवटी खेळाडू त्याच भिंतीसमोर उभा राहतो. नवी चढाई करण्याचा पर्यायही मिळतो, पण कुठल्याही निवडीने भिंत पडत नाही. अन्याय स्पष्ट दिसावा आणि त्यावर इलाज मात्र नसावा, ही वेदना या कथेने पूर्णपणे उभी केली. फेरूनच्या परलोकावर लिहिले गेलेले हे सर्वोत्तम काम.

पुढच्या आवृत्त्यांनी देवांना पुन्हा हलवले. २००८च्या चौथ्या आवृत्तीत मिस्त्रा परत मारली गेली आणि बरेच देव नाहीसे झाले. २०१४च्या पाचव्या आवृत्तीच्या सुमारास त्यांतले बहुतेक परत आले. २०१५च्या 'सोर्ड कोस्ट अॅडव्हेंचरर्स गाइड'मध्ये भिंतीचा उल्लेख एका वाक्यापुरता उरला होता. २०२०च्या शुद्धिपत्रात प्रकाशकांनी तेही वाक्य वगळले, बदली काहीच दिले नाही. फेरूनमध्ये भिंत अजून उभी आहे की नाही, हे आता त्या त्या टेबलावरचा डंजन मास्टर ठरवतो.