चॅलेंजर दुर्घटना : थंडीचा पुरावा आणि सिद्धतेचे ओझे

दि. २८ जानेवारी १९८६ रोजी फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून निघालेले चॅलेंजर यान ७३ सेकंदांत नष्ट झाले व सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. थंडीने रबरी कडे निकामी झाले, हे त्याचे सर्वपरिचित कारण होय. तथापि थंडीच्या धोक्याचा इशारा आदल्या रात्रीच दिला गेला असताना उड्डाण का झाले, हा इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

यानाचे घन इंधनाचे बूस्टर युटा राज्यात मॉर्टन थायोकॉल कंपनी बनवीत असे. ते रेल्वेने न्यावयाचे असल्याने तुकड्यांत असत व प्रत्येक सांध्यात ‘ओ-रिंग’ नावाची दोन रबरी कडी बसविलेली असत. प्रज्वलन होताच आतील दाबाने सांधा किंचित फाकतो. त्याच क्षणी दबलेल्या कड्याने पूर्ववत फुगून फट बुजवावी लागते. थंडीत ताठरलेल्या रबराला नेमका येथेच उशीर होतो.

जानेवारी १९८५ च्या उड्डाणात सांध्याचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस होते आणि पहिल्या कड्यापलीकडे काळवंडलेले ग्रीस आढळले होते. त्या आधारे २७ जानेवारी १९८६ च्या रात्री दूरध्वनीवरील बैठकीत रॉजर बॉइजॉली, आर्नी थॉम्प्सन प्रभृती अभियंत्यांनी १२ अंशांखाली उड्डाण नको, अशी भूमिका मांडली. नासाच्या मार्शल केंद्रातील अधिकाऱ्यांना ती पटली नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये २४ अंशांतही वायू निसटला होता. मग दोष थंडीचाच कसा? हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. अखेर अंतिम निर्णयातून अभियंत्यांना वगळून कंपनीच्या व्यवस्थापकांनी शिफारस फिरविली.

रॉजर्स आयोगाने जून १९८६ च्या अहवालात निर्दोष उड्डाणेही जमेस धरली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. सुमारे १८ अंशांखालील चारही उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती. त्यावरील वीसपैकी केवळ तिनांत. अभियंत्यांनी ही मांडणी त्या रात्रीच करावयास हवी होती, अशी टीका एडवर्ड टफ्टी यांनी १९९७ मध्ये केली. बॉइजॉली व सहलेखकांनी २००२ मध्ये तिचा प्रतिवाद केला. टीका अंशतः रास्त मानली, तरी एक बाब तिच्यातून निसटते. एरवी यान सुरक्षित असल्याचे कंपनीने सिद्ध करावे, अशी रीत होती; त्या रात्री ते असुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे अभियंत्यांवर आले आणि तेवढा पुरावा कोणापाशीच नव्हता.

उड्डाणसमयी हवेचे तापमान अवघे २ अंश होते. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीदरम्यान बर्फाच्या पाण्यात रबर बुडवून केलेले प्रात्यक्षिक गाजले, पण थायोकॉलच्या अभियंत्यांना त्यात नवे काही नव्हते. सांध्यात तिसरे कडे व उष्णतेची सोय केल्यानंतर सप्टेंबर १९८८ मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली.