कवायतीच्या मास्तरांचा दर्जा

इंग्रजी अमदानीतील शाळांमधून ‘ड्रिल मास्तर’ ही एक ठरीव व्यक्ती असे. हा गृहस्थ बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला. कवायत त्याला मुखोद्गत असे. मुलांच्या शरीराची वाढ, त्यांचे वय, त्यांची प्रकृती यांचे ज्ञान मात्र त्याला कोणी करून दिलेले नसे. उनाड मुलांना शिक्षा करणे, साहेबांच्या तपासणीच्या दिवशी रांगा धरविणे, ही कामे त्याच्याकडे आपसूक येत. त्याचा धाक सर्वांना वाटे; त्याला शिक्षक समजणारे थोडे.

ही समजूत पालटण्यास आरंभ झाला तो प्रशिक्षण-संस्थांमुळे. १९२० मध्ये हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी मद्रास येथे वाय. एम. सी. ए. च्या वतीने शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. अमरावतीस वैद्य बंधूंचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनच देशी व्यायामाची परंपरा जोपासत होते. पुढे १९३८ मध्ये मुंबई सरकारनेही कांदिवली येथे प्रशिक्षणाची सोय केली. व्यायामाबरोबर शरीरशास्त्र शिकून बाहेर पडलेला तरुण शाळेत रुजू झाला, की त्याच्या वाट्याला जुनीच शिट्टी आणि जुनेच नाव येई.

डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाने या प्रश्नाला हात घातला. शरीरशास्त्र व आरोग्य या विषयांच्या अध्यापनात या शिक्षकांना सहभागी करून घ्यावे, आणि समान अर्हतेच्या इतर शिक्षकांइतकाच दर्जा त्यांना द्यावा, अशी शिफारस आयोगाने १९५३ च्या अहवालात केली. चाळिशीच्या आतील सर्वच शिक्षकांनी मुलांबरोबर मैदानात उतरावे, असेही त्यात होते. ही सूचना शिक्षकांच्या खोलीत फारशी लोकप्रिय झाली असेल असे वाटत नाही! परंतु खरी मेख ‘समान अर्हता’ या दोन शब्दांत होती. इतिहासाचा शिक्षक पदवीधर, कवायतीचा प्रमाणपत्रधारक; तेव्हा दुसऱ्यास कमी वेतन देणे नियमास धरूनच ठरे. न्यायाची शिफारस आणि तिला बगल देण्याची सोय एकाच वाक्यात नांदत होती.

या अडचणीतून वाट निघाली ती ग्वाल्हेरला. अठराशे सत्तावनच्या शताब्दीच्या वर्षी, १७ ऑगस्ट १९५७ रोजी, केंद्र सरकारने तेथे राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने महाविद्यालय स्थापिले आणि शारीरिक शिक्षणाचा तीन वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. पदवीच हवी असेल, तर तीही आता मिळू लागली.

त्यापूर्वीच, १९५४ मध्ये, आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना निघाली होती. तिचे निदेशक केंद्राचे सेवक. ते शिकवीत त्या शाळा मात्र बहुधा राज्यांच्या कक्षेतील. नेमणूक एकाची आणि हुकूम दुसऱ्याचा, अशा नोकरीत माणसाचा मान किती राहतो, हे सरकारी दप्तरात वावरलेल्यांना सांगावयास नको. पुढे ही योजना नॅशनल फिटनेस कोअरमध्ये विलीन झाली आणि यथावकाश हे निदेशक राज्यांकडे सोपविण्यात आले.

‘निदेशक’ हा शब्द मात्र मागे राहिला. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षकसंख्येची किमान मर्यादा घालून दिली. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांच्यासाठी तिने शिक्षक मागितले. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी मागितला तो अंशकालीन निदेशक. आणि तोही पटावर शंभराहून अधिक मुले असतील तेव्हाच.