उत्तीर्ण म्हणजे काय?

मुंबई विश्वविद्यालयाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा 1859 सालीं झाली. तीस 132 उमेदवार बसले व 22 उत्तीर्ण झाले. ह्या बावीसांत महादेव गोविंद रानडे होते, आणि 1837 सालीं मालवणास जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. पुढें 1893 सालीं भांडारकर त्याच विश्वविद्यालयाचे व्हाइस-चॅन्सेलर झाले. हीं नांवें पाहून त्या चाळणीची वाहवा करण्याचा मोह होतो. परंतु उरलेल्या 110 जणांस काय येत होतें, हें तो निकाल सांगत नाहीं.

'नापास' हा प्राणी आपल्याकडे त्याच सुमारास जन्मास आला, अशी आमची समजूत आहे. पंतोजीच्या शाळेंत निरनिराळ्या वयांचीं मुलें एकाच पडवींत बसत, पण प्रत्येकाचा धडा निराळा असे. (तेथील छडीचे गोडवे गाण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं.) पावकी चोख झाल्यावर निमकी, ज्यास विलंब लागे तो पावकीच घोकीत बसे. परंतु त्यास शंभरांपैकीं चाळीस पावकी येते, असें कोणी म्हणत नसे.

विश्वविद्यालयास हा मार्ग मोकळा नव्हता. परीक्षकानें विद्यार्थ्याचें तोंडही पाहिलेलें नसतें. त्याच्यापुढें कागदांचा गठ्ठा, आणि सरकारी कचेऱ्यांस तर नांवांची यादी हवी! आम्हीही वर्षानुवर्षें असे गठ्ठे तपाशीत आलों आहों. अंक सोयीचा असतो, ह्यांत शंका नाहीं.

1949 सालीं मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेनें घेतली. चाळणीचीं भोकें हळूहळू इतकीं रुंदावलीं कीं, रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांच्या कोंकण विभागाचा 2025 चा निकाल शेंकडा 98.82 लागला. ह्यावरून मुलें हुशार झालीं कीं परीक्षा सोपी झाली, हा वाद दरसाल रंगतो. आम्हांस तो व्यर्थ वाटतो. कारण गुणांची बेरीज 1859 सालीं जितकी मुकी होती तितकीच आजही आहे.

भांडारकरांच्या जन्मगांवाशेजारीं तारकर्लीस पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकविणारी संस्था आहे. ह्या विद्येच्या जगन्मान्य पहिल्या दाखल्यास लेखी प्रश्न आहेतच. पण 200 मीटर पोहणें, दहा मिनिटें तरंगत राहणें, पाण्याखालीं मास्कांत पाणी शिरूं देऊन तें नाकानें फुंकून काढणें, ह्यांतील एकही गोष्ट वगळतां येत नाहीं. उत्तम पोहणाऱ्याचे जादा गुण मास्काच्या खात्यावर जमा होत नाहींत. तसे झाले तर 18 मीटर खोलीवर प्राणाशीं गांठ! पंतोजीची रीत येथें जिवंत आहे. शालान्त परीक्षेंत गणितास 35 गुण पुरतात. मुलाला त्रैराशिक येतें कीं व्याज, हें गुणपत्रिकेवरून त्याच्या आईबापांस कळत नाहीं, आणि पुढच्या वर्गाच्या मास्तरांसही नाहीं.