चलन वायदे

चलन वायदे : ठरावीक परकीय चलन पुढच्या ठरावीक तारखेस आज ठरलेल्या दराने घेण्याचा वा देण्याचा, मान्यताप्राप्त शेअर बाजारावर होणारा प्रमाणित करार. भारतात हे वायदे २९ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपया या जोडीने सुरू झाले. २०१० मध्ये युरो, पौंड आणि येन यांच्या रुपयाबरोबरच्या जोड्या आल्या आणि त्याच वर्षी डॉलर-रुपयाचे ऑप्शनही, म्हणजे व्यवहाराचा हक्क देणारे पण बंधन न घालणारे करारही, आले.

ब्रेटन वुड्स येथे १९४४ मध्ये ठरलेली स्थिर विनिमय दरांची व्यवस्था १९७१ ते १९७३ या काळात मोडली. मोठी चलने तरंगती झाली आणि दरातील चढउतारांपासून बचावाची गरज निर्माण झाली. रुपयाचा दर मार्च १९९३ पासून बाजारात ठरतो. मात्र रिझर्व्ह बँक गरजेनुसार डॉलर विकून वा घेऊन त्याचे हेलकावे आवरते. एप्रिल २०२२ मध्ये जगातील चलनबाजाराची रोजची उलाढाल सुमारे ७.५ लाख कोटी डॉलर होती आणि दर शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी सौद्यांत एक बाजू डॉलरची होती.

कराराचे स्वरूप : डॉलर, युरो आणि पौंड यांचा एक लॉट, म्हणजे सौद्याचा किमान आकार, १,००० एककांचा, येनचा १,००,००० येनचा असतो. भाव किमान पाव पैशाने हलतो. म्हणजे डॉलरच्या एका लॉटमागे अडीच रुपये. मासिक करार महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाआधी कामकाजाचे दोन दिवस संपतो. प्रत्यक्ष डॉलर कोणी देत नाही, घेतही नाही. त्या दिवशीच्या संदर्भदरानुसार फरकाची रक्कम रुपयांत चुकती होते. शिवाय रोज संध्याकाळी बंद भावाने हिशेब होऊन नफा-तोटा खात्यात जमा किंवा वजा होतो.

वायद्याचा भाव हाजर, म्हणजे तत्काळ व्यवहाराच्या, भावापेक्षा वेगळा का असतो, हे नवशिक्याने सर्वांत आधी समजून घ्यावे. रुपयावरचे व्याज सहा टक्के, डॉलरवरचे चार टक्के आणि हाजर डॉलर ८४ रुपये धरला, तर वर्षभराच्या कराराचा भाव साधारण ८५.६० रुपये येतो. हा बाजाराचा अंदाज नसून निव्वळ व्याजातील फरक आहे. त्यामुळे ‘डॉलर चढणारच’ म्हणून वायदा घेणाऱ्याला डॉलर वर्षअखेर ८५ रुपये झाला तरी तोटाच होतो. दिशा बरोबर ओळखूनही पैसे जाण्याचे हे सर्वसाधारण कारण आहे. उलट, वायदा विकणाऱ्या निर्यातदाराला तोच फरक पदरात पडतो.

मार्जिन आणि जोखीम : मार्जिन म्हणजे सौदा करताना भरायची अनामत. ८४,००० रुपयांच्या लॉटसाठी समजा तीन टक्के, म्हणजे २,५२० रुपये मार्जिन भरले. डॉलर एका रुपयाने विरुद्ध गेला की १,००० रुपये, म्हणजे भरलेल्या रकमेच्या जवळजवळ चाळीस टक्के, जातात. मार्जिन थोडे लागते म्हणून लॉट वाढवणे ही या बाजारातील सर्वांत महागडी चूक आहे. एका सौद्यात भांडवलाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक जाणार नाही, अशा बेताने आधी तोट्याची मर्यादा आणि मग लॉटची संख्या ठरवावी. बाकीच्या सर्व तंत्रांपेक्षा हा नियम मोलाचा आहे.

स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक भावाला सौदा आपोआप बंद करण्याचा आदेश, लावला म्हणजे मर्यादा पाळली जाईलच असे नाही. रुपयाच्या जोड्यांचा बाजार संध्याकाळी पाच वाजता बंद होतो. अमेरिकेतील रोजगाराचे आकडे मात्र आपल्याकडे सहा किंवा सात वाजता येतात, तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, फेडरल रिझर्व्हचा, व्याजदराचा निर्णय तर मध्यरात्रीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी भाव उडी घेऊनच उघडतो आणि स्टॉपलॉस त्या पलीकडच्या भावाला लागतो. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोसमोर फ्रँकला घातलेली १.२० ची मर्यादा अचानक काढली, तेव्हा चालू बाजारातही अनेकांचे स्टॉपलॉस ठरल्या भावाच्या फार पलीकडे लागले. रुपयाही सदैव संथ नसतो : ऑगस्ट २०१३ अखेरीस तो डॉलरमागे ६८ च्या पलीकडे घसरला होता.

बचावाचे व्यवहार : या वायद्यांचे खरे काम बचावाचे, म्हणजे हेजिंगचे आहे. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला एप्रिलमध्ये ५०,००० युरो येणे असतील, तर तो युरो-रुपयाचे ५० लॉट विकून आजचा दर बांधून घेऊ शकतो. युरो पडला तर बँकेत कमी मिळालेले रुपये वायद्यात भरून निघतात. युरो चढला तर मात्र वायद्यातला तोटा रोजच्या रोज रोख भरावा लागतो आणि युरो हातात येतात ते थेट एप्रिलमध्ये. हिशेब शेवटी जुळतो, पण मधल्या काळात रोकड आटते. म्हणून निम्मी रक्कमच बांधणे आणि रोजच्या भरण्यासाठी पैसा वेगळा ठेवणे शहाणपणाचे. माल जाण्याची खात्री होण्याआधी लॉट विकणे म्हणजे बचाव सोडून सट्ट्यात उतरणे होय.

कायदा : रुपया असलेल्या जोड्यांत प्रत्यक्ष चलनजोखीम असणाऱ्यानेच उतरावे, हे रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले; ती तरतूद ३ मे २०२४ पासून लागू झाली. एकूण दहा कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यांना आधी कागदपत्रे दाखवावी लागत नाहीत. मात्र जोखीम खरोखर असली पाहिजे आणि मागितल्यास सिद्ध करता आली पाहिजे. केवळ भावाच्या चढउतारावर खेळू पाहणाऱ्याला या जोड्यांत आता वाव उरलेला नाही.

मोबाइलवर भरलेल्या रकमेच्या पाचशे पट सौद्याचे आमिष दाखवणारी परदेशी संकेतस्थळे हा वेगळाच धोका आहे. पाचशे पटीत ०.२ टक्के विरुद्ध हालचाल झाली की सारी रक्कम जाते आणि प्रमुख जोड्यांत एवढी हालचाल कुठल्याही सामान्य दिवशी होते. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात, पण अशा मार्जिनसाठी नव्हे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ नुसार उल्लंघनाच्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध केली आणि पुढे ती वेळोवेळी वाढवली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असे मात्र समजू नये, हेही बँकेने त्यासोबत बजावले आहे.